अकरा हजारांचा हिशेब

फराळाच्या धांदलीत शेजारच्या वहिनी सोऱ्या मागायला आल्या. मागे त्यांची पुतणी उभी होती. बारावी झालेली, वय वीस.

"जरा समजवा हो हिला," वहिनी म्हणाल्या. "इस्पितळात लागते म्हणते. नर्ससुद्धा नव्हे, नर्सच्या हाताखाली! बारा बारा तास लोकांचं सगळं काढायचं, आणि पगार अकरा हजार!"

या कामाविषयी बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ब्यूरोमार्फत एक मावशी दिवसपाळीला येत. दर दोन तासांनी कूस बदलायची, माणसाला न उठवता ओली चादर काढायची, नळीतून पेज देताना पाठीशी उशा लावून बसते करायचे, नाहीतर अन्न फुप्फुसात जायचे. हे सारे मी त्यांच्याकडूनच शिकले. चौदा महिन्यांत सासूबाईंच्या पाठीला एक जखम झाली नाही. आणि याच मावशींचा खाड्याचा एक दिवस मी पगारातून कापला होता. ब्यूरोही आपला वाटा घेतो, हे ठाऊक असून!

तेव्हा पगार इतका कमी का, हे मी कोणत्या तोंडाने विचारणार? मी एवढेच विचारले, "हातात कागद कोणता मिळणार?"

तीन महिने प्रशिक्षण, मग प्रमाणपत्र, असे ती म्हणाली. मेख इथेच आहे. असल्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून नर्स होता येत नाही. दहा वर्षे राबली तरी हाताखालची ती हाताखालचीच. बारावीनंतर दोन वर्षांचे ए.एन.एम. किंवा तीन वर्षांचे जी.एन.एम. केले, तर गोष्ट निराळी. २०२३ च्या सरकारी भरतीत आरोग्यसेविकेचे मूळ वेतन २५,५०० पासून होते, अधिपरिचारिकेचे ३५,४०० पासून. अर्थात जागा थोड्या आणि अर्ज अपार. खासगी नर्सची कथा वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने लहान इस्पितळातही २०,००० पेक्षा कमी देऊ नये असे सुचवले. पण शिफारस म्हणजे सक्ती नव्हे.

"काकू, पण दोन वर्षं थांबायला घरी पैसे कुठायत?" मुलगी म्हणाली. वडिलांचे दुकान मिटलेले, भाऊ दहावीत. मी गप्प झाले.

मग वाण्याच्या यादीच्या पाठीवर आम्ही हिशेब मांडला. बसचा पास, डबा, बूट, रात्रपाळीची रिक्षा मिळून अडीच हजार. घरी सहा. उरले अडीच, ते पोस्टात. पुढच्या प्रवेशापर्यंत नऊ महिने धरले तर साडेबावीस हजार. खासगी संस्थेला पुरायचे नाहीत. सरकारी शाळेत नंबर लागला तर खूप झाले. शिवाय सुट्टी कोणत्या वारी, फंड कापतात का, ई.एस.आय. आहे का, हे रुजू होण्याआधी कागदावर घे, असे बजावले.

"अहो, पण किळस?" वहिनींचे तेच. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनातून मुली ससून इस्पितळात नर्सिंग शिकायला जात, तेव्हाही नाके मुरडली गेलीच होती.

"आजीचं सगळं मीच केलं ना," मुलगी म्हणाली. "पहिले चार दिवस जेवण गेलं नाही. मग काही वाटेना."

वहिनींनी एकदम विचारले, "तुमच्या लेकीला पाठवलं असतंत?"

मी विचार करून खरे ते सांगितले. "शिकायला, हो. नुसती हाताखाली राहायला, नाही."

वहिनी बराच वेळ सोऱ्याची दांडी फिरवीत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "नऊ महिने करू दे तिला. पुढची दोन वर्षं घरचे सहा हजार आम्ही बघू. ह्यांच्याशी बोलते आज."

दोघी गेल्या. दहा मिनिटांनी मुलगी पुन्हा दारात. चकलीची चकती राहिली होती. ती घेताना तिने हिशेबाचा कागदही उचलला.