सुरजागड हे आधी गाव आहे



सुरजागड हे नाव आता मुंबईपर्यंत पोचलं आहे. पेपरात सारखं येतं. कोणी लोहखाण म्हणतं, कोणी प्रकल्प म्हणतं, कोणी म्हणतं गडचिरोली आता स्टीलचा जिल्हा होणार. पण सुरजागड नावाचं एक गाव आहे, तिथं माणसं राहतात, त्यांच्या बांध्या आहेत, मोहाची झाडं आहेत, हे त्या बातमीत कुठं नसतं. खाणीने पहाड घेतला तो घेतलाच, गावाचं नावपण घेतलं. बाहेरच्या माणसाला सुरजागड म्हटलं की फक्त ट्रक दिसतात. म्हणून या अंकात त्या गावाबद्दल आणि आमच्या इलाक्याबद्दल लिहिते आहे.

सुरजागड एटापल्ली तालुक्यात आहे. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली शंभराच्या वर किलोमीटर दूर, छत्तीसगडची सीमा मात्र जवळ. आमचे सोयरे तिकडेही आहेत, इकडेही आहेत. सीमा सरकारने पाडली, आमच्या पेनांनी नाही. सुरजागडच्या नावाने 70 गावांचा इलाका आहे. हा इलाका ग्रामपंचायतीने ठरवलेला नाही, तालुक्याने पण नाही. तो आमच्या बापजाद्यांपासून चालत आला आहे. पहाडावर ठाकूरदेव आहे. दरवर्षी जानेवारीत यात्रा भरते, गावागावातून लोक देव घेऊन, ढोल घेऊन चालत येतात. ज्या पहाडाला कंपनीच्या कागदात 'साठा' म्हणतात, तो आमच्यासाठी देवाचं घर आहे.

गावातली माणसं मुख्य करून माडिया गोंड. महाराष्ट्रात सरकारने तीन जमातींना विशेष असुरक्षित म्हटलं आहे: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे सरकारनेच लिहून दिलं आहे की या लोकांना जपायला पाहिजे. आणि नेमकं त्यांच्याच डोक्यावरचा पहाड खोदायला दिला आहे. हे दोन कागद एकाच सरकारचे आहेत. त्यांनी ते एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचावे.

आमच्याकडचं वर्ष कसं जातं ते सांगते, कारण 'तिथं काही नव्हतं, खाण आली तेव्हा विकास आला' असं बोलणारे खूप आहेत. पावसाळ्यात धान. एकच पीक, पाण्यावर अवलंबून. दिवाळीनंतर कापणी. उन्हाळा लागला की मोहफूल. पहाटे अंधारात टोपली घेऊन बाया निघतात, ऊन चढायच्या आत वेचून येतात. मग मोहाची टोरी, तिचं तेल. चारोळी, हिरडा. मे महिन्यात तेंदू. 70 पानांचा एक पुडा. घरातली म्हातारी, लेकरं सगळी पुडे बांधायला बसतात. बांबू आहे. नाल्यात मासे आहेत. यात कोणी शेठ होत नाही, हे खरं. पण घरातल्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा येतो तो याच जंगलातून. खाणीच्या नोकरीच्या यादीत आमच्या आज्ज्यांचं नाव कधी येणार आहे? जंगलाने त्यांना कधी 'शिक्षण किती' विचारलं नाही.

आमच्याकडे त्रास नाही असं मी म्हणत नाही. मलेरिया आहे. पावसाळ्यात नाला भरला की बाळंतीण बाईला खाटेवर टाकून न्यावं लागतं. मास्तर येतो, येत नाही. पण मला हे समजत नाही की दवाखाना, शाळा, पूल यांच्या बदल्यात पहाड का द्यायचा? पुण्याच्या माणसाला दवाखाना पाहिजे तर त्याला कोणी देऊळ खोदायला मागतं का? या गोष्टी सरकारचं काम आहे. खाण नसलेल्या तालुक्यात पण सरकार दवाखाना बांधतेच ना? मग आमच्याच वेळी तो कंपनीचा उपकार कसा होतो?

आता हिशेब बघू. 2007 मध्ये 348.09 हेक्टर जागेची लीज दिली गेली. वनहक्क कायदा 2006 चा, पण अमलात आला 31 डिसेंबर 2007 ला. म्हणजे ज्या वर्षी आमचा हक्क कागदावर यायचा होता, त्याच वर्षी पहाड दुसऱ्याच्या नावावर झाला. खोदकाम 2016 ला सुरू झालं. 2015 मध्ये खाणीचा कायदा बदलला, त्याने अशा जुन्या लीज 50 वर्षांच्या धरल्या. म्हणजे 2057. आज पाळण्यात असलेलं लेकरू तेव्हा स्वतः लेकरांचं आईबाप असेल.

आधी वर्षाला 30 लाख टन काढायची परवानगी होती, 2023 मध्ये ती 1 कोटी टन झाली. एक कोटी म्हणजे किती हे आमच्या गावात सांगायला मी असं करते. एका ट्रकमध्ये 25 टन धरा. रोजचे जवळपास 1100 ट्रक भरून जातील, आणि तितकेच रिकामे परत येतील. दिवसरात्र धरली तरी मिनिटाला एकाहून जास्त गाडी. त्याच रस्त्याने पोरं सायकलने शाळेत जातात, लोक बाजाराला जातात. ही माझी बारावीची गणितं आहेत, कोणीही करून बघावी. एटापल्ली-आलापल्ली-आष्टी रस्त्याची काय दशा झाली ती तिथून जाणाऱ्याला सांगायची गरज नाही. रस्त्यासाठी आम्ही किती वर्षं अर्ज केले. रस्ता झाला तेव्हा तो लोखंडासाठी झाला.

पहाड फोडला की माती खाली येते. पावसाच्या पाण्याबरोबर लाल गाळ नाल्यात, नाल्यातून बांधीत. पायथ्याच्या शेतांत हे झालं आहे. बांधीत असा गाळ बसला की धानाचं रोप गुदमरतं. नुकसानभरपाई मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, सातबारा कोणाच्या नावावर? जंगलजमिनीवर पिढ्यानपिढ्या कसणाऱ्याकडे सातबारा कुठून असणार? म्हणजे हक्क दिला नाही म्हणून भरपाई नाही, आणि भरपाई नाही म्हणून नुकसान झालंच नाही. कागदावर सगळं स्वच्छ.

आता नोकरीचा विषय, कारण यावरून आपल्याच गावात भांडणं लागली आहेत. आमच्या पोरांना नोकरी लागली आहे. कोणी सिक्युरिटीत, कोणी ड्रायव्हर, कोणी हेल्पर. माझ्या चुलतभावाला पण लागली. तो पगारातून घरावर पत्रे टाकतो, आईला दवाखान्यात नेतो. त्याला मी गद्दार म्हणणार नाही आणि आपल्या संघटनेतल्या कोणी म्हणू नये. बारावी होऊन घरी बसलेल्या पोराला पोट आहे. पण मी त्याला एवढंच विचारते: दादा, ही नोकरी तुझ्या पोराला पण मिळेल का? मोह तुझ्या आज्याने वेचला, तू वेचला, तुझं पोरगं पण वेचेल. खड्डा मात्र एकदाच खणता येतो. आणि एका गावातल्या वीस पोरांना काम देऊन सगळ्या गावाचं तोंड बंद करायचं, हा सौदा गावाने केलेला नाही. गावाला विचारलंच नाही.

विचारायला पाहिजे होतं का? अधिकारी म्हणतात, पेसा कायद्यात ग्रामसभेची शिफारस गौण खनिजाला लागते, लोखंड हे मोठं खनिज, तुमचा संबंध नाही. 1996 च्या पेसात तसं लिहिलं आहे, खरं आहे. पण ते अर्धंच सांगतात. लोखंड ज्या जमिनीखाली आहे ती जंगलजमीन आहे. वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने ग्रामसभेला जंगल, पाणी आणि आपली संस्कृती राखायचा अधिकार दिला आहे. कलम 4(5) म्हणतं, हक्काची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला हटवता येणार नाही. 3 ऑगस्ट 2009 च्या केंद्राच्या पत्रकात जंगलजमीन दुसऱ्या कामाला द्यायच्या आधी ग्रामसभेची संमती मागितली आहे. 2013 मध्ये ओडिशाच्या नियमगिरीत सुप्रीम कोर्टाने हा निर्णय ग्रामसभांकडे सोपवला. 12 गावांत ग्रामसभा झाल्या. डोंगरिया कोंध लोकांनी 12 पैकी 12 गावांत नाही म्हटलं. त्यांचा पण पहाडच देव होता. 2022 च्या नव्या वनसंवर्धन नियमांनी ही संमती बघायची जबाबदारी केंद्राने राज्यावर ढकलली. हक्क संपलेला नाही, पण वाट जास्त काटेरी केली आहे.

जनसुनावणीचंही तसंच. 2006 च्या अधिसूचनेत लिहिलं आहे की सुनावणी प्रकल्पाच्या जागेवर किंवा अगदी जवळ घ्यावी. खाण वाढवायची सुनावणी 2022 च्या ऑक्टोबरात झाली ती गडचिरोलीला. धान कापणीच्या दिवसांत शंभराच्या वर किलोमीटर जाऊन, मराठीत, माईकसमोर, साहेबांसमोर बोलायचं. आमच्या म्हाताऱ्यांना माडिया येते. त्यांनी काय बोलायचं होतं?

आणि जो बोलतो त्याच्याकडे बोट दाखवलं जातं. 2016 च्या डिसेंबरात पहाडावर सत्तरच्या वर गाड्या जळाल्या. ते आम्ही केलं नाही, आम्हाला विचारून झालं नाही. पण तेव्हापासून साधा अर्ज घेऊन जाणाऱ्याला पण आधी 'तू कोणाचा' असं विचारतात. आम्ही ग्रामसभेचे आहोत, एवढंच उत्तर आहे. 2023 मध्ये तोडगट्ट्याला इलाक्यातील लोक महिनोन्महिने पानांच्या मांडवात बसले. त्यांच्या हातात संविधान आणि वनहक्काचे कागद होते. बंदूक नव्हती. आणि आता आणखी सहा ब्लॉकचा विषय आहे. म्हणजे सुरजागड ही एका गावाची गोष्ट राहिलेली नाही.

मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती वाचण्याची. आश्रमशाळेत शिकलेल्या आम्हा पोरापोरींनाच गावात मराठी वाचता येते. कागद आला की आमच्याच हातात येतो. कंपनीला पण आम्हीच पाहिजे, 'गावाला समजावून सांगणारे' म्हणून. आपण जे वाचून सांगू तेच गावाला कळणार. पाच ओळी वाचल्या आणि सहावी सोडली तर गाव त्या सहाव्या ओळीत जाऊ शकतं. म्हणून माझं सगळ्या शिकलेल्या साथींना सांगणं आहे, नोकरी करा नाहीतर नका करू, पण कागद पूर्ण वाचा, आणि माडियात वाचा.

प्रत्येक गावाने आत्तापासून एवढं करावं:

1. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा एक नाही. सरपंचाची सही म्हणजे गावाची संमती नाही. ठरावाचं रजिस्टर गावाच्या ताब्यात ठेवा. कोऱ्या कागदावर अंगठा नाही, चहापाण्याच्या हजेरीवर सही नाही.

2. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. हा नियम आहे. बायांनी मागं बसून ऐकायचं दिवस संपले. जंगलात जास्त आपणच जातो, तर बोलायचं पण आपणच.

3. सामूहिक वनहक्काचे दावे अडकले आहेत तिथं पाठपुरावा करा. आपल्या हद्दीतले देव, नाले, मोहाची झाडं, स्मशान यांचा नकाशा गावानेच काढावा. मेंढा (लेखा) गावाला 2009 ला सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला, 2011 पासून ते स्वतः बांबू विकतात. तेही याच जिल्ह्यातले, आपल्यासारखेच गोंड.

4. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा हिशेब मागा. 2015 च्या कायद्याने जुन्या लीजवाल्या खाणीला रॉयल्टीच्या 30 टक्के इतकी रक्कम या निधीत भरावी लागते. तो पैसा खाणीने बाधित लोकांसाठी आहे. पाचव्या अनुसूचीच्या भागात त्याच्या आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते. आपल्याला कोणी विचारलं का? माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. हा पैसा मागणं म्हणजे खाणीला हो म्हणणं नाही. झालेल्या नुकसानाचा तो हक्क आहे.

आम्हाला विकास नको असं कोणी लिहील. आम्हाला पूल पाहिजे, नर्स पाहिजे, माडिया समजणारा मास्तर पाहिजे, तेंदूला भाव पाहिजे. ही यादी आम्ही कितीदा दिली. यादीत खाण कधीच नव्हती.

पुढच्या वेळी कोणी सुरजागडचं नाव घेतलं तर त्याला विचारा, कोणतं सुरजागड? गाव की खाण? आणि गाव अजून तिथंच आहे हे त्याला सांगा.

मावा नाटे मावा राज!
जोहार.

– इलाक्यातील एक कार्यकर्ती