गरोदरपण कळण्याआधीच मद्याचा धोका. बाटलीवरचा इशारा मात्र गप्प

गरोदरपणात दारू नको, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण हा सल्ला मिळतो तो चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर. तोवर भ्रूणाच्या वाढीचा अत्यंत नाजूक टप्पा सुरू झालेला असू शकतो.

नेमके काय घडते?
फलनानंतर साधारण ६ ते १० दिवसांत भ्रूण गर्भाशयाच्या अस्तरात रुजते. तिसऱ्या आठवड्यात पेशींचे तीन थर तयार होतात आणि मेंदू, मज्जारज्जू, हृदय यांची पायाभरणी सुरू होते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. पाळी अनियमित असेल, तर शंकाही येत नाही.

पुरावा काय?
१९७३ मध्ये अमेरिकेतील केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी मद्यपी मातांच्या मुलांत लहान डोके, खुंटलेली वाढ, चेहऱ्याची वेगळी ठेवण अशी समान लक्षणे नोंदवली. यालाच 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' म्हणतात. १९८१ मध्ये कॅथलीन सुलिक व सहकाऱ्यांनी उंदराच्या माद्यांना गर्भधारणेच्या सातव्या दिवशी मद्याची मोठी मात्रा दिली. त्यांच्या गर्भांच्या चेहऱ्यांत तसेच दोष दिसले. उंदराचा हा सातवा दिवस म्हणजे माणसाचा साधारण तिसरा आठवडा.

मग घाबरायचे का?
नाही. प्रयोगातील मात्रा मोठी होती. नकळत एखादा पेग झाला म्हणून बाळात दोष येईलच, असे नाही. मात्र गरोदरपणात मद्याचे सुरक्षित प्रमाण कोणते, हे आजवर ठरलेले नाही. त्यामुळे कळताच थांबावे आणि डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. सासरचे काय म्हणतील, या भीतीने लपवलेली माहिती बाळाच्या उपयोगाची नसते.

बाटली काय सांगते?
एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांतील इशारा दोनच गोष्टी सांगतो: मद्यपान आरोग्यास घातक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका. गर्भाचा त्यात उल्लेख नाही. अमेरिकेत १९८९ पासून, तर फ्रान्समध्ये २००७ पासून बाटलीवर गरोदर महिलांसाठी इशारा असतो. आपल्याकडेही तो हवा आणि त्यात 'बाळाचे नियोजन करत असाल तरीही' हे शब्द हवेत. बाळ दोघांना हवे असेल, तर पेग दोघांनीही बाजूला ठेवावा. एकटीवर पथ्य लादून ते टिकत नाही.