कर्णोपकर्णीच्या वार्ता आणि उड्डाणाचा श्रीगणेशा

ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी वायुसेनेत वैमानिक होण्यासाठी गेलेली असते, त्या घरात दोन प्रकारच्या बातम्या पोचतात. पहिल्या प्रकारच्या बातम्या मुलाने स्वतः कळविलेल्या असतात व त्या फार थोड्या असतात. प्रकृती बरी आहे, जेवण चांगले आहे, उद्या पहाटे उठावयाचे आहे, एवढ्यावर त्या संपतात. दुसऱ्या प्रकारच्या बातम्या कोणाच्या तरी आतेभावाच्या मित्राकडून येतात आणि त्यांना अंत नसतो. पुढच्या तुकडीपासून म्हणे अभ्यासक्रमच बदलणार. उड्डाणाचे तास निम्मे होणार. विमानाऐवजी पडद्यासमोर बसवूनच शिकविणार. जुन्या विमानावर शिकलेल्यांना पुढे मागे पडावे लागणार. लग्नकार्यात, आगगाडीच्या डब्यात अशा वार्ता ऐकू येतात आणि आई-वडिलांची झोप उडवितात.

या साऱ्या वार्ता खोट्या असत्या तर हा विषय येथे घेण्याचे कारण नव्हते. अडचण अशी की, त्यांतील काही खऱ्या ठरतात. वायुसेनेच्या प्राथमिक शिक्षणक्रमाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर तो वारंवार बदललेला दिसतो. आणि प्रत्येक बदलाच्या आधी त्याची कुजबुज झालेली असणारच. तेव्हा अफवा उडवून लावण्यापेक्षा हा शिक्षणक्रम का बदलतो हे समजून घेणे अधिक उपयोगाचे.

आरंभीच्या उड्डाणशिक्षणात नेमके काय शिकवितात, हे आधी पाहू. वर्गात वायुगतीचे नियम, हवामान, दिशाज्ञान, इंजिनाची रचना हे विषय असतात. मग शिक्षकाबरोबर आकाशात जाऊन दांडा व पायपट्ट्या यांनी विमान कसे वळते, चढते, उतरते ते हाताला शिकवावयाचे. त्यानंतर येतो तो पाठ, ज्याला इंग्रजीत स्टॉल म्हणतात. भाषांतर करणाऱ्याला हा शब्द फसवितो. मोटार 'स्टॉल' झाली म्हणजे तिचे इंजिन बंद पडले. विमानाचे तसे नाही. विमानाचा पंख समोरून येणाऱ्या हवेशी प्रमाणाबाहेर तिरपा झाला की पंखावरून वाहणारी हवा त्याला धरून राहत नाही, आणि पंखाची उचल एकाएकी ढासळते. इंजिन जोरात चालू असतानाही हे घडू शकते. एका पंखाची उचल दुसऱ्याच्या आधी गेली की विमान भोवऱ्यासारखे गिरक्या घेत खाली येऊ लागते. यातून विमान सावरता आले, चक्कर मारून नीट उतरविता आले, म्हणजे एक दिवस शिक्षक खाली उतरतो आणि विद्यार्थ्याला एकट्याने विमान नेण्यास सांगतो. विमान बदलले, तास बदलले, तरी हा क्रम फारसा बदललेला नाही.

हा क्रम आज आपणास स्वाभाविक वाटतो, पण तो तसा नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी गिरकी म्हणजे मृत्यू अशीच वैमानिकांची समजूत होती आणि तिच्यापासून दूर राहावे एवढेच शिकविले जाई. रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या ब्रिटिश मेजरने १९१७ साली गॉस्पोर्ट येथे ही पद्धत उलटी केली. त्याचे म्हणणे असे की, ज्या संकटाची भीती वाटते त्यात विद्यार्थ्याला शिक्षकाबरोबर मुद्दाम नेले पाहिजे आणि त्यातून बाहेर कसे पडावयाचे ते दाखविले पाहिजे. दोघांच्याही हाताशी नियंत्रणे असलेले ॲव्रो ५०४ विमान त्याने वापरले. इंजिनाच्या आवाजात शिक्षकाचे बोलणे ऐकू यावे म्हणून एक साधी नळी जोडली. तीच पुढे गॉस्पोर्ट नळी म्हणून प्रसिद्धीस आली. फ्रान्समधील आघाडीवर अर्धेकच्चे शिकून आलेली तरुण मुले कशी मरतात हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. शिक्षणक्रमातील तो बदल अशा अनुभवातून आला होता, आणि जगातील बहुतेक वायुसेनांनी पुढे तो उचलला.

सर्वच बदल असे शहाणपणातून आले, असे मात्र म्हणता येत नाही. जेट विमाने आल्यावर, विद्यार्थ्याला पंख्याच्या विमानावर बसविण्यात वेळ कशाला घालवावयाचा, असा विचार पुढे आला. ब्रिटनने १९५५ साली विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून जेटवर बसविण्याचा प्रयोग केला. अमेरिकेने १९६१ पासून तसाच सर्व-जेट शिक्षणक्रम स्वीकारला. परंतु ज्यांना उड्डाण जमणारच नाही अशा मुलांनाही महागड्या जेटवर बसवून मग परत पाठवावे लागे. तेव्हा १९६५ मध्ये अमेरिकेने लहानसे, पंख्याचे टी-४१ विमान आरंभी पुन्हा आणले. जे काढून टाकले होते तेच चार वर्षांत परत आले. घरी बसून या बातम्या ऐकणाऱ्या पालकांनी त्या काळात काय समजावयाचे?

पडद्यासमोर बसून उड्डाण शिकण्याची गोष्टही वाटते तितकी नवी नाही. एडविन लिंक याने बनविलेले उड्डाणाभ्यासाचे यंत्र अमेरिकेच्या सैन्याने १९३४ साली विकत घेतले. त्या वर्षी टपाल वाहून नेण्याचे काम सैन्याच्या वैमानिकांकडे आले होते आणि ढगांत, धुक्यात केवळ उपकरणे पाहून विमान चालविण्याचा सराव नसल्याने अनेक अपघात झाले होते. २०१८ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे अमेरिकन वायुसेनेने डोळ्यांवर आभासी दृश्याचे उपकरण बांधून शिकविण्याचा जो प्रयोग सुरू केला, तो याच वंशातील. शिक्षण कमी काळात पुरे होते असे त्यातून दिसले. यंत्रावर चूक पुनःपुन्हा करता येते, हा त्याचा मोठाच गुण आहे. परंतु गिरकीत शरीरावर येणारा ताण, पोटात उठणारा गोळा आणि खाली खरीच जमीन आहे ही जाणीव, या गोष्टी यंत्र देऊ शकत नाही. म्हणून यंत्राचे तास वाढले या बातमीने घाबरून जाऊ नये. विमानाचे तास घटविले का, एवढेच विचारावे. हे दोन प्रश्न निराळे आहेत आणि अफवेत ते हटकून एक होतात.

आता आपल्या देशाकडे वळू. स्वातंत्र्याच्या वेळी आपली मुले टायगर मॉथ या दुपंखी विमानावर शिकत. १९५१ साली बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात तयार झालेले एचटी-२ हे विमान आकाशात गेले. डॉ. विष्णू माधव घाटगे हे त्याचे मुख्य रचनाकार. जर्मनीतील गॉटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेल्या या मराठी माणसाच्या देखरेखीखाली पुढे किरण हे शिक्षणाचे जेट विमानही झाले. त्याचे पहिले उड्डाण १९६४ चे. आपल्या वैमानिकांच्या कित्येक पिढ्यांचा हात या दोन विमानांवर बसला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत यावयास हवी होती असे मला नेहमी वाटते.

विमान बदलले की शिकविण्याची रीतही कशी बदलते, याचे एक साधे उदाहरण बसण्याच्या जागांचे आहे. टायगर मॉथ व एचटी-२ यांत विद्यार्थी व शिक्षक एकामागे एक बसत. किरण व एचपीटी-३२ यांत ते शेजारी शेजारी बसत. विद्यार्थ्याचा चेहरा पांढरा पडला की काय, हात दांड्यावर घट्ट आवळला आहे की काय, हे शिक्षकास सहज दिसे. पिलाटस विमानात पुन्हा एकामागे एक. शिक्षकाला आता केवळ आवाजावरून आणि विमानाच्या चालीवरून मुलाची स्थिती ओळखावी लागते. म्हणूनच कोणताही नवा अभ्यासक्रम प्रथम शिक्षकाने शिकावा लागतो. तांबरम येथील उड्डाण-शिक्षकांच्या विद्यालयात पाठ देताना बोलावयाची वाक्येसुद्धा घोटून घेतली जातात. हाताची कृती आणि तोंडचे वाक्य एकाच क्षणी यावे लागते. हे काम वाटते त्याहून पुष्कळ अवघड आहे.

एचपीटी-३२ ची हकीकत मात्र दुःखाची आहे. १९७७ साली प्रथम उडालेले हे विमान पुढे वायुसेनेत पहिल्या पायरीवर शिकविण्यासाठी आले. त्याचे इंजिन हवेत बंद पडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत होत्या. जुलै २००९ मध्ये हैदराबादजवळ झालेल्या अपघातात दोन अनुभवी शिक्षकच मृत्युमुखी पडले आणि हे विमान जमिनीवर उतरविण्यात आले. त्या वेळी 'पहिल्या पायरीचे विमानच राहिले नाही, आता थेट जेटवर बसविणार, तासही कमी करणार' अशी वार्ता पसरली असेल तर ती अक्षरशः खरी होती. नवशिक्यांना किरणवर बसवावे लागले, आणि उड्डाणाचे तास कमी करावे लागले. २०११ मध्ये तर 'सूर्यकिरण' या कसरती करणाऱ्या पथकाची विमाने शिक्षणासाठी वळवावी लागली व पथकाचे प्रयोग थांबले. हे पथक पुढे २०१५ मध्ये हॉक विमानांसह पुन्हा उभे राहिले. स्वित्झर्लंडच्या ७५ पिलाटस विमानांचा करार मे २०१२ मध्ये झाला आणि मे २०१३ मध्ये ती डुंडीगलच्या वायुसेना प्रबोधिनीत रीतसर दाखल झाली. मधल्या चार वर्षांत शिकलेल्या मुलांनी आपले शिक्षण तंग हाताने, परंतु जिद्दीने पुरे केले. त्यांच्या आई-वडिलांना त्या काळी कोणी नीट समजावून सांगितले असते, तर निदान चिंतेला काही आकार आला असता.

वरच्या पायरीवरील उशीर याहून मोठा होता. एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीने १९८२ मध्ये प्रगत जेट शिक्षण-विमानाची शिफारस केली. हॉक विमानांचा करार झाला २००४ साली, आणि बीदर येथे ती आली २००८ मध्ये. मधल्या काळात तरुण वैमानिकांना मंदगती विमानावरून मिग-२१ सारख्या वेगवान विमानावर एकदम उडी घ्यावी लागे. ज्या घरांतील मुले त्या काळात गेली, त्यांतील काहींनी जाहीरपणे प्रश्न विचारले. ते विचारले हे योग्यच झाले. शिक्षणक्रमातील एखादी पायरी नसणे म्हणजे काय, हे त्या घरांना ठाऊक आहे.

आता हल्लीच्या वार्तांविषयी. पिलाटसची आणखी ३८ विमाने घेण्याची चर्चा कित्येक वर्षे चालली. ती घेतली गेली नाहीत. त्याऐवजी हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या एचटीटी-४० या देशी विमानाची निवड झाली. त्याचे पहिले उड्डाण ३१ मे २०१६ रोजी झाले आणि ७० विमानांचा ६,८२८ कोटी रुपयांचा करार मार्च २०२३ मध्ये झाला. परदेशातून येणाऱ्या इंजिनांच्या विलंबामुळे वेळापत्रक पुढे सरकले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक येथे या विमानाच्या दुसऱ्या उत्पादन-शाखेचे उद्घाटन झाले. किरणची जागा घेण्यासाठी आखलेले एचजेटी-३६ विमान तर २००३ साली उडाले, पण गिरकीतून सावरण्याच्या कसोटीतच अडले आणि त्याच्या रचनेत पुष्कळ फेरफार करावे लागले. २०२५ मध्ये त्याला 'यशस' हे नवे नाव मिळाले. स्मिथ-बॅरीच्या काळातील प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा दारात येऊन उभा राहिला तो असा.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. आपल्याकडे शिक्षणक्रम बहुधा विद्वानांच्या चर्चेने बदलत नाही; कोणते विमान हाताशी आहे, यावरून तो बदलतो. विमान येण्याची तारीख पुढे गेली की तुकडी-तुकडीच्या शिक्षणात फरक पडतो, आणि तेथेच अफवेला खाद्य मिळते. तेव्हा घरात अशी वार्ता आली तर तीन-चार साधे प्रश्न विचारून पाहावेत. कोणत्या पायरीविषयी ही वार्ता आहे? पहिली पायरी सर्वांना समान असते, पुढे लढाऊ, मालवाहू व हेलिकॉप्टर अशा वाटा फुटतात. कोणत्या विमानाविषयी आहे? आणि ते विमान प्रबोधिनीत पोचले आहे की केवळ करारात आहे? बहुतेक वार्ता तिसऱ्या प्रश्नापाशी गळून पडतात.

निवडीसंबंधीच्या वार्तांबाबत मात्र अधिक सावध राहावे, कारण त्यांचा लाभ उठविणारी माणसे असतात. वैमानिकाच्या अंगभूत क्षमतेची चाचणी पूर्वी निराळ्या स्वरूपाची होती, आता ती संगणकावर होते. पण ती आयुष्यात एकदाच देता येते हा नियम दोन्ही काळांत आहे. 'नियम बदलणार, पुन्हा संधी मिळणार, तोवर आमच्या वर्गात नाव घाला' असे कोणी सांगू लागला, तर त्याच्याकडे वायुसेनेची छापील जाहिरात मागावी.

आणखी एका वार्तेने घरे विनाकारण काळवंडतात. ती म्हणजे अमक्याच्या मुलाला उड्डाणातून काढले, आता नव्या अभ्यासक्रमात अशांना थेट घरी पाठवितात. उड्डाण न जमणे हा अपराध नाही आणि ती बुद्धीची परीक्षाही नाही. हात, डोळे व मन यांचा एक विशिष्ट मेळ ठराविक मुदतीत बसला नाही, एवढाच त्याचा अर्थ. जागा असल्यास व योग्यता पटल्यास अशा उमेदवारांचा जमिनीवरील शाखांसाठी विचार होत आला आहे. ज्या महिन्यात मुलाची एकट्याने उड्डाण करण्याची वेळ जवळ आलेली असते, त्या महिन्यात तो रिकाम्या वेळी खोलीतल्या खुर्चीवर बसून, हातात दांडा आहे असे समजून, पाठ पुटपुटत असतो. अशा वेळी घरून दूरध्वनी येतो आणि पहिला प्रश्न असतो, "अरे, अभ्यासक्रम बदलला म्हणतात ते खरे का?" तो प्रश्न निदान तेवढा महिना तरी मागे ठेवावा. जेवण कसे आहे, हे विचारले तरी पुरे.