पाहुण्या ताऱ्याला साक्षीदार कोण?

इसवी सन १०५४ च्या जुलै महिन्यात वृषभ राशीत एक तारा अकस्मात प्रकटला. तो २३ दिवस भर उजेडात दिसत होता आणि रात्रीच्या आकाशात जवळजवळ दोन वर्षे टिकून होता. चीनच्या राजज्योतिष्यांनी 'पाहुणा तारा' म्हणून त्याची नोंद केली. आज त्या जागी दिसणाऱ्या क्रॅब नेब्युलाचे वय जग त्या नोंदीवरून सांगते. त्या काळात धारानगरीत भोजराजाची सत्ता होती. त्याच्या नावावरील 'राजमृगांक' हा ज्योतिषग्रंथ अवघ्या बारा वर्षांपूर्वीचा. मग आपली नोंद कुठे आहे? डॉ. जयंत नारळीकर आणि संस्कृत विदुषी डॉ. सरोजा भाटे यांनी प्राचीन वाङ्मय धुंडाळून २००१ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. निःसंदिग्ध म्हणावी अशी नोंद त्यांना सापडली नाही.

यावर दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. पहिला वर्ग मेकॉलेच्या मानसपुत्रांचा. भारतात आकाश पाहणारे कोणी नव्हतेच, असा त्यांचा निकाल तयार असतो. वराहमिहिराने बृहत्संहितेत धूमकेतूंवर स्वतंत्र अध्याय लिहिला. केरळच्या परमेश्वराने ५५ वर्षे ग्रहणे निरखून १४३१ मध्ये 'दृग्गणित' रचले. हे त्यांच्या गावीही नसते. दुसरा वर्ग आपल्यातलाच आहे आणि म्हणून अधिक चिंतेचा. 'सारे काही आमच्या ग्रंथांत होतेच' असे सांगून तो निवांत झोपी जातो. आक्रमणांत अमोल ग्रंथसंपदा नष्ट झाली, हे खरे. जुलैत आकाश मेघांनी झाकले असेल, हेही खरे. पण पुढचे दोन हिवाळे तर निरभ्र होते! पूर्वजांचा अभिमान हे ऋण आहे; ते घोषणांनी फिटत नाही. पंचांग आकाशाशी जुळलेच पाहिजे, हा लोकमान्यांचा आग्रह याच जाणिवेतून आला होता.

हे ऋण फेडण्यास वेधशाळा लागते असेही नाही. राधागोविंद चंद्र हे जेसोरच्या सरकारी खजिन्यातील साधे कर्मचारी. मॅट्रिकची परीक्षाही त्यांना उत्तीर्ण होता आली नाही. ७ जून १९१८ च्या रात्री गरुड तारकासमूहात त्यांना एक अनोळखी तारा दिसला. तो त्या शतकातील सर्वांत तेजस्वी नवतारा ठरला. पुढे अमेरिकेतील रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षक संस्थेने त्यांना दुर्बीण पाठविली. या एकट्या माणसाने त्या संस्थेला सुमारे ३७ हजार निरीक्षणे दिली. फाळणीनंतर जन्मभूमी सोडून भारतात यावे लागले, तरी हे व्रत सुटले नाही.

आज तीच संधी पुन्हा दारात आहे. उत्तर मुकुट तारकासमूहात श्वेत बटू आणि तांबडा महातारा यांची एक जोडी आहे. बटू महाताऱ्याचा हायड्रोजन ओढून घेतो; साठा पुरेसा झाला की पृष्ठभागावर स्फोट होतो आणि नवतारा झळकतो. अतिदीप्त नवताऱ्यात तारा स्वतःच संपतो. इथे तो उरतो आणि पुन्हा पेटतो. १८६६ आणि १९४६ मध्ये हा तारा ध्रुवाइतका उजळला होता. त्याच्या पुनरागमनाकडे २०२४ पासून जगभरचे निरीक्षक डोळे लावून बसले. असा उजेड नुसत्या डोळ्यांना काही दिवसच दिसतो. उशिरा जागे होणाऱ्यासाठी तो थांबत नाही.

गोंदिया जिल्ह्यातून वैशाख-ज्येष्ठाच्या मध्यरात्री हा तारकासमूह जवळजवळ माथ्यावर येतो. नवेगाव-नागझिऱ्याच्या अरण्यात, सालेकसा तालुक्यात कचारगडच्या डोंगररांगेत अजून खरा काळोख आहे. आकाशाची ओळखही इथे परकी नाही. डॉ. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी तीन राज्यांतील सुमारे पंधरा गोंड गावांत केलेली पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सप्तर्षीच्या चार ताऱ्यांत खाट आणि उरलेल्या तिघांत ती पळवणारे चोर पाहणारा हा वनवासी समाज आहे. त्याच्या ज्ञानाला अडाणीपणा म्हणणारे सुशिक्षित स्वतः मात्र रात्री मान वर करीत नाहीत. गावोगावी उंच खांबावरचा प्रखर दिवा हेच प्रगतीचे लक्षण ठरले, तर हा काळोखही हातचा जाईल. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिल्या 'डार्क स्काय पार्क'चा मान मिळाला. जे पेंचला साधले ते नवेगाव-नागझिऱ्याला का साधू नये?

त्यासाठी निधीची वाट पाहायला नको. दिव्यांना खाली झुकणारी झाकणे, शाळेत एक वही आणि रोज दहा मिनिटे तारे निरखणारी चार मुले एवढे पुरे. दिनांक, वेळ, ताऱ्याचे तेज आणि पाहणाऱ्याचे नाव एवढीच नोंद हवी. अतिथीला देव मानणाऱ्या देशात एक पाहुणा येऊन गेला आणि त्याची नोंद उरली नाही. दुसरा येईल तेव्हा गोंदियाच्या एखाद्या वहीत त्याचे आगमन लिहिलेले असावे. एक सहस्रकाच्या मौनाला यापेक्षा चांगले उत्तर कोणते?