किल्ट आणि परक्यांची नजर

एखाद्या पोशाखावर सरकारने मनाई केली म्हणजे लोक तो हट्टाने जपतात, हा अनुभव जुना आहे. परंतु मनाई उठल्यानंतर त्याच पोशाखाचे चोहीकडून कोडकौतुक सुरू झाले, म्हणजे तो नित्याच्या वापरातून हळूहळू उठतो आणि सणासमारंभापुरता उरतो, ही गोष्ट तितकीशी कोणाच्या ध्यानात येत नाही. स्कॉटलंडच्या पुरुषांचा किल्ट, म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घेर, ह्या दोन्ही अवस्थांतून गेला आहे, आणि आज तो नेसून एकट्याने रस्त्यावर निघणाऱ्या माणसाला परके लोक ज्या रीतीने वागवतात, तिचे मूळ आमच्या मते त्या मनाईत कमी आणि त्या कौतुकात अधिक आहे.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट घराण्यातील चार्ल्स एडवर्डच्या पक्षाचा मोड झाल्यावर लंडनच्या पार्लमेंटने स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड मुलखाचा बंदोबस्त करताना तेथील लोकांच्या शस्त्रांबरोबर त्यांच्या वस्त्रांवरही हात घातला. १ ऑगस्ट १७४७ पासून जो कोणी पुरुष वा मुलगा हा पोशाख करील, त्याला पहिल्या अपराधास सहा महिने बिनजामिनाची कैद आणि दुसऱ्या अपराधास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी, असा तो कायदा होता. मुभा होती ती राजाच्या पलटणींत चाकरी पत्करणाऱ्यांना, म्हणजे घरी जो गुन्हा तोच सरकारी तैनातीत गणवेश. १७५७ साली ब्रेडलबेनकडील एका आरोपीने, आपला किल्ट मधोमध शिवून टाकलेला आहे, असे सिद्ध करून सुटका करून घेतल्याचे डेव्हिड स्टुअर्ट ह्या सेनाधिकाऱ्याने आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. १७८२ साली कायदा रद्द झाला खरा, पण मधल्या ३५ वर्षांत एक सबंध पिढी विजारीत वाढली होती.

मग आले कौतुक. १८२२ च्या ऑगस्टात चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा स्वागताची सूत्रे कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट ह्यांच्या हाती होती; त्यांनी सारे शहर टार्टन ह्या चौकड्यांच्या लोकरी कापडाने नटवले, आणि तो स्थूलदेही राजा किल्ट नेसून, खाली त्वचेच्या रंगाचे तंग मोजे चढवून दरबारात उभा राहिला. त्या सोहळ्यात मिरवणाऱ्या हायलँडच्या जमीनदारांपैकी कित्येक जण त्याच सुमारास मेंढ्यांसाठी कुरणे मोकळी करण्याकरिता आपल्या कुळांना घरादारांतून हुसकावून लावत होते. कुळे बेदखल झाली आणि त्यांचा पोशाख तेवढा दरबारी मानकरी झाला! पुढे किल्ट राहिला तो मुख्यत्वे लग्नकार्यांत, ब्रेमारसारख्या ठिकाणच्या मैदानी खेळांत आणि फुटबॉल-रग्बीच्या सामन्यांना.

अशा स्थितीत एखादा गृहस्थ, ना लग्न ना सामना, केवळ आवडतो म्हणून किल्ट नेसून एडिंबरोच्या रॉयल माइलवरून चालू लागला, की लोकांना तो चालता देखावा वाटतो. कोणी न विचारता त्याचे छायाचित्र घेतो, कोणी आपणहून खांद्याला खांदा लावून उभा राहतो, कोणी बॅगपाइप कोठे विसरलात म्हणून हसतो. आणि चार पेले रिचवलेल्या मंडळींपैकी कोणी तरी, आत काय घातले आहे, हा शिळा प्रश्न जणू आपल्यालाच प्रथम सुचला अशा आविर्भावाने टाकतो. वास्तविक हे वस्त्र मोठे घरंदाज. पूर्ण घेराच्या किल्टला सुमारे आठ वार लोकरी कापड लागते, म्हणजे आपल्या नऊवारी लुगड्याहून वारभरच उणे; पुढचा भाग सपाट ठेवून उरलेले सारे कापड मागे चुण्यांत बसवलेले असते, आणि खुर्चीवर टेकताना त्या चुण्या हाताने खाली सारख्या कराव्या लागतात. पायमोज्यात छोटी सुरी खोचलेली असते. सार्वजनिक जागी पाते बाळगणे ब्रिटनमध्ये गुन्हा असला, तरी राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तिला कायद्याने सवलत दिली आहे. सुरीचा असा मान राखला जातो. नेसणाऱ्याच्या अब्रूचा मात्र राखला जाईलच, असे नाही.

कारण प्रश्नापाठोपाठ हातही पुढे येतो. मद्यगृहांत किल्ट नेसून वाढपाचे काम करणाऱ्या तरुणांना गिऱ्हाइकांकडून, आणि पुष्कळदा स्त्रियांकडूनही, हा उपद्रव सोसावा लागतो, आणि दोन्ही हातांत पेल्यांचे तबक असलेला माणूस त्याचा प्रतिकार तरी कसा करणार? स्कॉटलंडात २०१० सालच्या कायद्याने वस्त्राखाली चोरून छायाचित्र घेणे हा गुन्हा ठरवला, आणि तेथे स्त्रीपुरुष असा भेद ठेवलेला नाही. कोणी म्हणेल, गंमत ती गंमत, आणि इतका भडक पोशाख करणाऱ्याने लोकांच्या नजरेची तक्रार का करावी? हा युक्तिवाद स्त्रियांच्या बाबतीत आपण केव्हाच निंद्य ठरवला आहे. पुरुषाच्या बाबतीत तो ग्राह्य कसा होतो, हे आम्हांला उमगत नाही.

जून २०२४ मध्ये युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या सलामीला म्युनिकमध्ये स्कॉटिश समर्थकांचे थवेच्या थवे किल्ट नेसून उतरले, संघ जर्मनीकडून ५-१ असा सपाटून हरला, तरी यजमानांनी त्या मंडळींचे भरघोस स्वागत केले. परंतु झुंडीच्या वाट्याला आलेल्या प्रेमावरून समाजाच्या सभ्यतेची परीक्षा होत नसते. ती होते एकट्या माणसाच्या वाट्याला काय येते, त्यावरून.

आपल्याकडेही ही परीक्षा चालूच आहे. २०१४ साली चेन्नईच्या एका क्रिकेट क्लबने वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना प्रवेश नाकारला, तेव्हा तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी कायदा करून असे निर्बंध मोडीत काढले. कायद्याने दरवाजा उघडला, पण पुण्यामुंबईच्या कचेरीत आज एखादा तरुण धोतर नेसून आला, तर "आज काय विशेष? लग्नाला जायचंय का?" हा प्रश्न कोणता कायदा थांबवणार? विचारणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो, क्वचित आदरच असतो. परंतु रोज त्याचा खुलासा करण्यापेक्षा विजार बरी, असे त्या तरुणाला चौथ्या दिवशी वाटू लागते, आणि सहा महिन्यांच्या कैदेने जे साधले नसते ते चार स्नेह्यांच्या कौतुकाने साधते.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की किल्टवाला भेटला तर त्याला वाट विचारावी, आगगाडीत सरकून जागा द्यावी, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात, आणि त्याच्या वस्त्राचा विषय त्याने काढल्याखेरीज काढू नये. पोशाखाचा खरा सन्मान तो नेसणाऱ्याला निवांतपणे आपल्या कामास जाऊ देण्यात आहे, आणि तेवढे सौजन्य दाखवण्यास कोणाचीही सनद लागत नाही.