मास्कखालची जखम आणि कागदावरचे गुण

बेडसोअर म्हटलं की तुम्हाला माकडहाड आठवतं, टाचा आठवतात. नाक आठवत नाही. पण श्वासासाठी लावलेला बायपॅपचा मास्क घट्ट बसला की नाकाच्या दांड्यावर जखम होऊ शकते. ऑक्सिजनच्या नळीने कानामागे, लघवीच्या नळीने मांडीवर, प्लास्टरच्या कडेने घोट्यावर. ओळखायची खूण सोपी आहे: ज्या वस्तूने जखम केली, बहुधा तिचाच आकार जखमेला येतो.

नाकावर कातडीखाली चरबी फारशी नसते. मास्क आणि हाड यांच्यामध्ये बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही, पेशी मरतात. वर मास्कखालची वाफ आणि घाम कातडी मऊ करतात. आणि रुग्णाला सूज आली, की काल बरोबर बसलेला पट्टा आज रुततो.

ही जखम बऱ्याचदा टाळता येते. म्हणूनच 'नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा याबाबतचा दृष्टिकोन' मोजण्याच्या सध्याच्या उत्साहाबद्दल मला बोलायचंय. शय्याव्रणांसाठी बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१० साली १३ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. मला हे जमतं का, हे महत्त्वाचं आहे का, ही माझी जबाबदारी आहे का, अशा अंगाची विधानं; सहमत-असहमत सांगायचं. प्रश्नावली चांगली आहे. मोजायलाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती मोजून झाल्यावर जे होतं त्याला.

गुण कमी आले तर विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा भरते, प्रमाणपत्रं वाटली जातात, फोटो निघतात. वॉर्डात मास्क एकाच मापाचा आहे का, नाकावर लावायची फोमची पट्टी स्टोअरमध्ये आहे का, रात्रपाळीला एका मुलीच्या वाट्याला किती रुग्ण येतात, हे कोण मोजतं? आणि गुण जास्त आले तरी काय? 'हेल्मेट घालावं का?' असं विचारलं तर सगळेच हो म्हणतील. शिक्षिका समोर उभी असताना तर नक्कीच.

दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला नाक काळपट दिसलं, तर तिने सांगायचं कुणाला? सिस्टर तीन बेड पलीकडे धावतायत. डॉक्टर म्हणतात, मास्क सैल केला तर हवा गळेल. हे म्हणणं चूक नाही. पण मग दुसऱ्या मापाचा मास्क मागवण्याचं कामही डॉक्टरांचंच आहे. आम्हा डॉक्टरांचा दृष्टिकोन मोजायला कुणी कागद घेऊन आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

शिवाय शय्याव्रणाचा धोका मोजायला वापरली जाणारी ब्रेडन मोजपट्टी सहा गोष्टी बघते: संवेदना, ओलावा, हालचाल, पोषण वगैरे. रुग्णाला कुठली नळी किंवा मास्क लावलाय, हे त्यात नाहीच. म्हणजे चालताफिरता, जेवणारा रुग्ण कागदावर सुरक्षित, आणि कानामागे ऑक्सिजनची नळी रुतलेली.

तुमचा माणूस ॲडमिट असेल तर दिवसातून किमान दोनदा सिस्टरांना विचारा, "मास्कखालची, नळीखालची कातडी बघितली का?" सूज असेल तर जास्त वेळा. तक्रारीच्या सुरात नको. सोबत विद्यार्थिनी असेल तर तिलाही बोलावून दाखवा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही. जांभळट-काळपट डाग, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक झालेली जागा बघा. मास्क किंवा नळी स्वतः सैल करू नका.

प्लास्टर घरी घेऊन आला असाल आणि एकाच जागी दुखणं वाढत चाललं, बोटं बधिर, निळसर किंवा गार पडली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा.