देव घरचे, हात आईचे

गौरी यायच्या आठवड्यात औषधांच्या दुकानात एका गोळीला मागणी वाढते. बायका तिचं नाव घेत नाहीत. ‘तारीख पुढे ढकलायची आहे’ एवढं हलक्या आवाजात म्हटलं की काउंटरवरच्या मुलाला कळतं. अनुराधा नक्षत्रावर गौरी येणार, ज्येष्ठावर जेवणार, मूळावर जाणार. नक्षत्रं कुणासाठी थांबत नाहीत, तेव्हा शरीरानेच थांबावं असा हा व्यवहार. ही गोळी आपल्या मनाने घेऊ नका असं डॉक्टर सांगतात, तरी ती घेतली जाते. कारण विचारलं तर ‘देवाचं आहे ना’ असं उत्तर येतं. थोडं खोदलं की त्याखालून दुसरं निघतं: मी बाजूला बसले तर पुरण कोण घालणार?

या दोन उत्तरांत बरंच अंतर आहे, आणि घरातल्या देवाधर्मावरून होणारे आपले बहुतेक वाद ते अंतर न मोजताच होतात.

वाद ठरलेला असतो. सून म्हणते, सोळा भाज्या आणि पाच पक्वान्नं आता पुरे. सासू म्हणते, मग घरात आणि लॉजमध्ये फरक काय राहिला? मुलगा दोघींच्या मध्ये उभा राहून मोबाइल बघतो. दोघींपैकी कुणाचंच म्हणणं मला खोटं वाटत नाही.

सासूची बाजू आधी घेते, कारण शहरात लिहिणाऱ्या माणसांकडून तिच्यावर अन्याय होतो. घरी असणाऱ्या आईचा दिवस हा दुसऱ्यांच्या हाकांचा असतो. डबा, पाण्याची वेळ, गॅसवाला, शाळेची व्हॅन, सासऱ्यांची गोळी. त्यात सकाळची देवपूजा ही पंधरा-वीस मिनिटांची जागा अशी, की तिथे तिला कुणी हाक मारत नाही. मारलीच तर ‘आई पूजेला बसलीय’ असं सांगणारं कुणीतरी असतं. ‘आई पुस्तक वाचतेय’ या सबबीला आपल्याकडे अजून तेवढी किंमत नाही. वर्तमानपत्र हातात धरायलाही जिला वेळ होत नाही, ती मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीची पोथी मोठ्याने वाचते आणि घर ऐकतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या निमित्ताने तिला चार घरी जाता येतं, चार जणींना बोलावता येतं. भजनी मंडळात टाळ धरला की दोन तास ती कुणाची आई नसते. आणि वारी! डोक्यावर तुळस घेऊन घर सोडून जवळपास तीन आठवडे चालत पंढरपूरला निघालेल्या बाईला ‘स्वयंपाकाचं काय?’ असं विचारायची हिंमत घरातल्या भल्याभल्यांना होत नाही. जो धर्म तिला चुलीशी बांधतो, तोच कधी कधी तिला चुलीपासून सोडवतो. तिच्या श्रद्धेला सरळ गुलामी म्हणणाऱ्यांनी निदान एवढं पाहायला हवं.

मराठीत आईच्या श्रद्धेची दोन मोठी चित्रं आहेत. एक मुलाने काढलेलं: १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी लिहिलेली ‘श्यामची आई’. त्यातली आई देव, दारिद्र्य आणि मुलाचं वळण एकाच हाताने सांभाळते. दुसरं चित्र बायकांनी स्वतः काढलं, जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांत विठ्ठल आहेच, पण त्याच्या शेजारी सासरचा जाच आहे, माहेरची ओढ आहे, हाताचे घट्टे आहेत. भक्ती आणि तक्रार एकाच दमात गायली जाते, आणि देवाला त्याचा राग येईल अशी भीती कुठे दिसत नाही. मुलांनी रंगवलेल्या आयांमध्ये मात्र तक्रार सहसा सापडत नाही. आईच्या त्यागाविषयी भाषणं देणारे पहिलं चित्र समोर ठेवतात. मी सासूची बाजू घेते ती दुसऱ्या चित्राच्या भरवशावर.

आता सुनेची बाजू. ती हिशेबाची आहे, आणि हिशेब पक्का आहे. २०२४ साली केंद्र सरकारने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. या पाहणीतली गंमत तिच्या खणांमध्ये आहे. स्वयंपाक घरकामाच्या खणात पडतो. पूजाअर्चा मात्र भेटीगाठी, गप्पा आणि सामाजिक सहभाग यांच्या खणात. म्हणजे पुरण वाटताना आई कामात, आणि तेच पुरण ताटात वाढून देवासमोर ठेवलं की ती जवळजवळ गप्पा मारणाऱ्यांच्या पंगतीत. मोजणाऱ्यांना कुठेतरी रेघ मारावी लागते, त्यांची चूक नाही. पण कढईत पुरण ढवळताना जिच्या तोंडी व्यंकटेशस्तोत्र चालू आहे तिला ही रेघ कुठे मारणार? घरातले लोक ती आपल्या सोयीने मारतात. काम मोजायची वेळ आली की ‘ती श्रद्धेने करते’, आणि श्रद्धेचा मान द्यायची वेळ आली की ‘तू नैवेद्याचं बघ, पूजेला मी बसतो’.

पूजेला बसणं हा तर निराळाच प्रकार. यजमान नवरा. पहाटे उठून फुलं, दूर्वा, पंचामृत, वस्त्रमाळ, समया सगळं मांडून ठेवणारी बायको शेजारी बसते आणि संकल्पाच्या वेळी त्याच्या हाताला हात लावते. पुण्यात शंकरराव थत्ते यांनी १९७०च्या दशकात बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली, पुढे ज्ञानप्रबोधिनीनेही ते केलं, आणि आज बायका दुसऱ्यांच्या घरी जाऊन लग्नं लावतात, वास्तुशांत करतात. स्वतःच्या घरी मात्र त्यांपैकी कितीजणींना नुसता हात लावायला मिळत असेल, कुणास ठाऊक.

उपवासांबद्दल घाईने बोलू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. याचं खापर चतुर्थी-एकादशीवर फोडणं हा आततायीपणा होईल. उपवास पुरुषही करतात. माझ्या मते दुखणं जेवायच्या क्रमात आहे. सगळ्यांचं झाल्यावर, उरलेलं, गार झालेलं, ओट्यापाशी उभ्यानेच. सणाच्या दिवशी हा क्रम आणखी लांबतो: देव, सवाष्ण, मेहुण, पाहुणे, मुलं, पुरुष, आणि मग तीन-साडेतीनला ती. हे फक्त गौरी-गणपतीत घडतं असंही नाही. रमजानात सहरीसाठी स्वयंपाकघरातला पहिला दिवा आईच लावते. वसईच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळच्या रोझरीला पोरांना गोळा करणारा आवाज बहुधा आईचाच असतो. धर्म कोणताही असो, गजर तिच्या उशाशी.

‘पण परंपरा आहे’ हे सासूचं वाक्य मी मानते, फक्त परंपरा नीट पाहावी एवढीच अट. उपवासाच्या ताटात बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, मिरची, शेंगदाणा हे चारही अमेरिकेतून आलेले. पोर्तुगिजांची गलबतं या किनाऱ्याला लागण्याआधी आपल्याकडे कुणी चाखलेही नव्हते. कुण्या एका पिढीतल्या बाईने ते उपवासाला चालवून घेतले आणि देवाने काही हरकत घेतली नाही. गौरींचंही तसंच. कुठे पाणवठ्यावरून आणलेले खडे, कुठे तेरड्याची रोपं, कुठे मुखवटे, मराठवाड्यात-विदर्भात त्याच महालक्ष्म्या. कुठे पुरणाचा बेत, तर कोकणातल्या कित्येक घरांत तिखटाचा नैवेद्य. आल्या दिवशी तर गौर भाजी-भाकरीवर समाधानी असते. एवढी सवलत परंपरेतच असताना सोळा भाज्यांवर अडून बसणारी देवी असते, की त्या ताटाचा फोटो काढणारा कुणी?

एका बाबतीत मात्र दोन्ही बाजू तोलायची मला गरज वाटत नाही. चाळीस वर्षं ज्या आईने देव्हारा सांभाळला, कुळाचार पाठ ठेवला, सुनेला पुरणाचा अंदाज शिकवला, तिचा नवरा गेला की तीच हळदीकुंकवाच्या बैठकीत आतल्या खोलीत जाऊन बसते. तिची श्रद्धा तीच, हात तेच. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बाबतीतल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव ग्रामपंचायतीत होतो, ओटी घरात भरली जाते. घराघरात ते कुंकवाचं बोट कुणाच्या कपाळाकडे जातं आणि कुणापाशी थबकतं, हे शेवटी घरातल्या बायकांच्याच हातात आहे. सासूने परंपरेच्या बाजूने एक जरी सवलत द्यायची ठरवली, तर ती इथून सुरू व्हावी.

सगळ्यात अवघड मुद्दा पुढे आहे, आणि त्यावर सुनेच्या बाजूचे लोक बोलायचं टाळतात. काम वाटून घ्या म्हटलं की आईच नको म्हणते. ‘तुमच्या हातून व्हायचं नाही, सरका.’ नवऱ्याने नारळ खवला तर ती कवटीचा काळा भाग आलाय म्हणून काढते, मुलाने फुलं मांडली तर ती परत मांडते. आपण याला संस्कारांचा पगडा म्हणून मोकळे होतो. मला त्यात थोडा व्यवहार दिसतो. पगार तिचा नाही, घर बहुधा तिच्या नावावर नाही, मुलांच्या शाळेपासून गावच्या जमिनीपर्यंतचे निर्णय दुसरीकडे होतात. सणाचे चार दिवस मात्र सगळं घर तिला विचारून चालतं: तांब्याचं ताम्हन कुठंय, सोवळ्याचं कोणतं, दिवा कधी लावायचा. हे एवढंसं राज्य. ते कामासकट वाटून टाका म्हणताना, त्याच्या बदल्यात तिला दुसरं काय देणार आहोत हे आपण सांगत नाही. नोकरी करणाऱ्या सुनेला तयार पुरणपोळी विकत आणणं सोपं जातं, कारण तिचं राज्य दुसरीकडेही आहे. सासू त्या पोळीकडे नाक मुरडते तेव्हा ती नेहमी चवीबद्दलच बोलत असते असं नाही.

तरीही मला बाजू घ्यायचीच आहे, आणि ती अशी. किती करायचं हे जो करतो त्याने ठरवावं. सोळा भाज्या हव्या असतील त्यांनी आदल्या रात्री विळीवर किंवा सुरी घेऊन बसावं. ज्यांना बसायचं नाही त्यांनी ताटात चार भाज्या कमी दिसल्या तर आईच्या आईचे दाखले देऊ नयेत. पाळी आली तर पूजेला बसायचं की नाही हे तिच्या मनाला पटेल तसं. पण पुरण घालायला दुसरे दोन हात तयार असावेत, म्हणजे ती गोळीची वाट धरणार नाही. मुलग्यांना पुरण शिजलं हे कसं ओळखायचं (उलथनं त्यात उभं राहिलं पाहिजे) हे मुंजीच्या वयातच शिकवावं. विठ्ठल जनाबाईसोबत दळायला बसला असं आपण कौतुकाने सांगतो. त्या घरातले पुरुष तेव्हा काय करत होते, हे विचारायचं राहून जातं. आणि तिला तिची पूजा करू द्यावी. श्रद्धा कमी करा असा उपदेश तिला नको आहे, तिला दुपारी एकला इतरांबरोबर पानावर बसायचंय.

श्रावणातल्या सोमवारची खुलभर दुधाची कहाणी मी आजीकडून ऐकली. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. तो दवंडी पिटवतो, गावातलं सगळं दूध देवळात जातं, वासरं आणि लेकरं उपाशी राहतात, गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने घरातल्या मुलाबाळांना, लेकीसुनांना दूध पाजलेलं असतं, वासरांना सोडलेलं असतं. उरलेलं खुलभर दूध ती देवाला वाहते आणि गाभारा काठोकाठ भरतो. आजी सांगायची तेव्हा मला राजाचा राग यायचा. पुढे कधीतरी लक्षात आलं की आजीच्या कहाणीत त्या म्हातारीने स्वतः घोटभर दूध घेतलं की नाही, हे कुठेच येत नाही. मी विचारलं होतं. आजी वाती वळत होती. ‘घेतलं असेल गं’, ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही.’